रस्त्याकडच्या आंब्यांवरून देवाच्या राईत: सीतेच्या वेणीचं एक प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावातलं आहे. गावाचं, रस्त्याचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. माणसांची नावं नेहमीच्या कारणासाठी गाळली आहेत. ठिकाणाचं का गाळलं, ते पुढे येईलच. मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतो आणि या सगळ्या उठाठेवीत पहिल्या दिवसापासून होतो, त्यामुळे चुकांमध्येही माझा वाटा आहे.

पार्श्वभूमी

सीतेची वेणी म्हणजे रिंकोस्टायलिस रेट्युसा. आमरी म्हणजे ऑर्किडच्या कुळातली, झाडाच्या फांदीवर राहणारी. पट्ट्यासारखी जाड पानं, मधोमध घडी, टोक कोणी कुरतडावं तसं असमान. मे-जूनमध्ये पानांच्या बगलेतून फुलांचा गच्च तुरा खाली लोंबतो, पांढऱ्यावर गुलाबी-जांभळे ठिपके. चांगल्या पोसलेल्या एका तुऱ्यात शंभराच्या वर फुलं असतात. आसामात हेच कोपौ फूल, बिहू नाचणाऱ्या मुलींच्या अंबाड्यातलं, आणि त्या राज्याचं राज्यफूलही. आपल्याकडे ‘सीतेची वेणी’ हे नाव तिच्या चुलत बहिणीलाही, एरिडीस मॅक्युलोसालाही, बिनदिक्कत दिलं जातं. फुलं असताना दोघींत गल्लत होत नाही: एरिडीसची फुलं मोठी आणि विरळ, हिची खच्चून भरलेली. फुलं नसताना मात्र भले भले फसतात.

ही आमरी झाडाचं काही खात नाही. फांदी तिला फक्त बसायला हवी असते. आमच्याकडे पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मग नोव्हेंबर ते मे जवळपास कोरडेठाक. हे सहा-सात महिने ती जाड पानांतल्या साठ्यावर आणि मुळांवरच्या स्पंजासारख्या आवरणावर काढते. सुकं असताना मूळ चंदेरी पांढरं दिसतं. त्यावर पाणी शिंपडलं की मिनिटभरात आतला हिरवा रंग वर येतो. वर्गात शिकवताना हा एक प्रयोग कधी फसत नाही.

आता महत्त्वाचं. घनदाट रानाच्या आत, जमिनीलगतच्या सावलीत ही फारशी भेटत नाही. तिला बाजूने येणारं ऊन लागतं, खेळता वारा लागतो आणि पाणी धरून लगेच सोडणारी खरबरीत साल. ऐन, किंजळ, फणस, जुने आंबे ही तिची घरं. आमच्या रस्त्याच्या दुतर्फा कोणे एके काळी लावलेले रायवळ आंबे नेमके तसे होते: एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला रस्ता, वरून उघडे, सालीवर शेवाळ. लोकांना ती रस्त्याकडची झाडं वाटत. सीतेच्या वेणीच्या दृष्टीने तालुक्यातली ती सगळ्यात चांगली वस्ती होती.

अडचण

2019 च्या एप्रिलमध्ये रस्ता रुंद करायचं काम सुरू झालं. 11 झाडांवर लाल रंगाचे आकडे पडले. त्यातल्या 7 आंब्यांवर सीतेची वेणी होती. झाडांच्या यादीत जात, घेर, उंची असं सगळं नीट लिहिलेलं होतं. झाडावर काय राहतं, याला त्या यादीत रकाना नव्हता.

यादी फेब्रुवारीपासून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेली होती. मी आठवड्यातून तीनदा त्या फळ्यासमोरून जातो. हरकतीची मुदत कधीच उलटून गेली होती. साइटवरचे इंजिनिअर सज्जन माणूस. त्यांनी नकाशा उघडून दाखवला आणि म्हणाले, “फेब्रुवारीत आला असतात तर इथलं गटार दीड फूट आत घेऊन दोन झाडं सोडली असती. आता खडी पडलीय.” दीड फूट! हे वाक्य मला आजही टोचतं.

दुर्बीण लावून आम्ही खालून मोजणी केली. 38 ठोंब दिसले. ठेकेदाराच्या मुकादमाने दोन आठवड्यांची सवड दिली, तीही स्वतःच्या सोयीची, कारण मशीन दुसऱ्या टोकाला अडकलं होतं.

समोर असलेले पर्याय

तोड थांबवायचा प्रयत्न करावा, असं आमच्यातल्या दोघांचं ठाम मत होतं. कागद पाहिल्यावर तो मार्ग बंद आहे हे त्यांनीही मानलं, पण त्यात चार दिवस गेले.

दुसरा विचार कॉलेजच्या शेडनेटचा. पाणी, राखण, नजरेखाली राहणं, सगळं सोपं. अडचण एवढीच की शेडनेटमधली आमरी म्हणजे कुंडीतलं झाड. तिच्या एका बोंडात धुळीसारख्या बारीक लाखो बिया असतात, पण एकाही बीजाबरोबर शिदोरी नसते. सालीवरची ठरावीक बुरशी भेटली आणि तिने अन्न पुरवलं तरच बी रुजतं. शेडनेटमध्ये बोंडं फुटली तरी ती धूळ जाणार कुठे?

गावातल्या तरुण मंडळाने सुचवलं, घरटी एक ठोंब वाटून टाकू. कल्पना प्रेमळ होती. पण हौसेने नेलेली झाडं पहिल्या गणपतीपर्यंत टिकतात, असा माझा अनुभव आहे. त्यातून एक मधला मार्ग निघाला: एका घराच्या आवारात रस्त्याला लागूनच चार जुने आंबे होते, आणि घरमालक स्वतः राखायला तयार होते.

आणि चौथा पर्याय ग्रामदेवतेची राई. तोडीच्या जागेपासून दीड किलोमीटर, कडेला ऐन आणि किंजळ, आत काळोखी सावली. कोणी कुऱ्हाड लावणार नाही, ही खात्री दुसरीकडे कुठेच नव्हती.

निर्णयाची पहिली जागा: कौल

राईतून वाळकी काटकीही बाहेर नेत नाहीत. आम्हाला मात्र आत काही आणायचं होतं, आणि त्याला रीतच नव्हती. गुरव म्हणाले, “रायेतली काडी भायर जाणा नाय, ह्या सगळ्यांका ठावक. पण भितर हाडूचा आजपर्यंत कोणी इचारूकच नाय.” मानकऱ्यांचा खरा आक्षेप वेगळाच होता. त्यांच्या लेखी हे बांडगूळ होतं. बांडगूळ झाड मारतं, हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे, आणि ते खरंही आहे. देवाच्या झाडांवर बांडगूळ नेऊन बांधायचं म्हणजे काय?

यावर व्याख्यान देऊन काही झालं नसतं. सुदैवाने पहिलं झाड तोवर आडवं झालं होतं आणि त्याच्या एकाच फांदीवर दोन्ही होती. चौघा मानकऱ्यांना तिथे नेलं. बांडगूळ जिथे चिकटलं होतं तिथे करवतीने आडवा छेद दिला. फांदी मुठीएवढी सुजलेली, आणि बांडगुळाचं लाकूड आंब्याच्या लाकडात घुसलेलं, रंगासकट वेगळं दिसत होतं. हातभर अंतरावरचं सीतेच्या वेणीचं मूळ मग मी नखाने सोडवलं. सालीचा पापुद्रा निघाला, खाली फांदीला ओरखडादेखील नव्हता. सगळ्यात वयस्क मानकऱ्यांनी स्वतः दुसरं मूळ उचकटून पाहिलं, बोटांनी साल चाचपली आणि म्हणाले, “ह्या नुसता बसलेला आसा.” त्यापेक्षा नेमकी व्याख्या मला पुस्तकात सापडलेली नाही.

संध्याकाळी गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. उजवा कौल झाला. दोन अटी: राईतल्या झाडाला खिळा ठोकायचा नाही, आणि बांधायला प्लास्टिक वापरायचं नाही. दोन्ही अटी वनस्पतीशास्त्राच्या अंगानेही बरोबरच होत्या. प्लास्टिकची दोरी मुळं कापते, काथ्या वर्षा-दोन वर्षांत कुजून आपोआप सुटतो आणि तोवर नवी मुळं पकड घेतात. जुनी मुळं एकदा उचकटली की पुन्हा सालीला चिकटत नाहीत. पकडतं ते फक्त नवं मूळ, टोकाशी हिरवं असलेलं.

काय केलं

मे महिन्याचे पहिले दहा दिवस. झाडं आडवी झाल्यावर मोजले तेव्हा ठोंब 57 निघाले. खालून दिसलेले 38. म्हणजे सगळ्यात उंच, सगळ्यात उजेडातल्या फांद्यांवरचे तिसऱ्या हिश्शाने ठोंब आम्हाला दिसलेच नव्हते. या आकड्याने तेव्हाच कान टवकारायला हवे होते. 9 ठोंब झाड पडताना चिरडले. 48 उरले.

यातले 12 आम्ही फांदीच्या तुकड्यासकट कापून घेतले, साल, शेवाळ, मुळं जशीच्या तशी. बाकीचे 36 सोलून काढले, कारण कटरवाल्याची रोजंदारी आम्ही भरत होतो आणि पैसे संपले.

बऱ्याच ठोंबांवर कळ्यांचे तुरे आलेले होते. तुरे कापावेत की ठेवावेत, यावर तासभर वाद झाला. मी कापण्याच्या बाजूचा: उखडलेल्या झाडाने ताकद मुळांना द्यावी. सहकारी म्हणाल्या, झाडं जगतील याची हमी नाही, निदान या वर्षीचं बी तरी जाऊ दे. शेवटी सोललेल्या ठोंबांचे तुरे कापले, ओंडक्यासकट आणलेल्यांचे ठेवले. कापलेले तुरे गावातल्या बायकांनी वाटून घेतले. एक आजी आरशाशिवाय अंबाड्यात तुरा खोवून तशाच बाजारात गेल्या.

36 पैकी 8 ठोंब शेडनेटमध्ये गेले, 12 आवारातल्या आंब्यांवर, 16 राईत. राईत आम्ही सोयीची गोष्ट केली. शिडी जिथवर पोहोचते तिथवर, आठ-दहा फुटांवर, आतल्या झाडांच्या बुंध्यांना ते 16 बांधले. हाताखाली राहतील, पाणी घालता येईल, नोंद ठेवता येईल. ओंडकेवाले 12 उरले, तेव्हा मदतीला आलेला पाडेली तोंड वाकडं करून म्हणाला, “सर, ह्या झाड खाली रवाचा न्हय. वर वारो आसा थंय बांधया.” माडावर रोज चढणाऱ्या माणसाला फांद्यांवर काय कुठे राहतं ते दिसतं. आम्ही खाली उभं राहून मान वर करून शिकलेले. त्याने ते 12 ओंडके राईच्या कडेच्या ऐनांवर, पस्तीसेक फुटांवर, फांदीच्या बेचक्यांत काथ्याने आवळले. मी होकार दिला तो त्याचं पटलं म्हणून नव्हे. शिडीच्या उंचीवरची जागा संपली होती, इतकंच.

पहिला पावसाळा

2019 चं साल आठवत असेल. मिरग कोरडा गेला, पाऊस कोकणात पोहोचला तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. दीड महिना आम्ही एक दिवसाआड पंपाने पाणी मारलं. बुंध्यांवरच्या ठोंबांना, अर्थात. ऐनावरच्यांपर्यंत फवारा पोहोचतच नव्हता. आणि नंतर पाऊस थांबेचना. ऑगस्टच्या सुरुवातीला कोल्हापूर-सांगली बुडाली तेव्हा घाटाखाली आमच्याकडेही आठ-आठ दिवस उजाडल्यासारखं होत नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटी क्यार वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि दिवाळी पावसातच झाली.

राईच्या आत बुंध्यांवरून पाण्याचे ओघळ दिवसरात्र वाहत. पानांच्या बेचक्यांत पाणी साचून गाभा काळा पडू लागला. हात लावला की मधलं पान सुटून हातात यायचं, खाली पिवळा लगदा. नव्या मुळांची हिरवी टोकं गोगलगायींनी रातोरात कुरतडली. डिसेंबरात मोजलं तेव्हा बुंध्यांवरच्या 16 पैकी 5 उरले होते. आवारातल्या 12 पैकी 9. शेडनेटमधले आठही ठणठणीत. आणि ऐनावरच्या 12 पैकी 11, ज्यांना आम्ही ओंजळभर पाणीही घातलं नव्हतं.

हे ऐकून लोक म्हणतात, बघा, पाडेली बरोबर. तो बरोबर होताच. पण कॉलेजातला माणूस म्हणून मला एक कबूल करावं लागतं: ऐनावरचे ठोंब उंचावर होते आणि ओंडक्यासकटही होते. उंची-उजेडाने वाचले की मुळं न दुखावल्याने, हे आमच्या आकड्यांतून सांगता येत नाही. दोन गोष्टी आम्ही एकदम बदलल्या. निम्मे ओंडके खाली आणि निम्मे सोललेले वर बांधले असते तर आज पुढच्या माणसाला काहीतरी ठामपणे सांगता आलं असतं.

निर्णयाची दुसरी जागा: फोटो

2020 च्या टाळेबंदीत मार्चपासून फिरणं बंद. जूनच्या सुरुवातीला आवारातल्या घरमालकांनी फोटो पाठवला: उचकटून, उन्हातान्हातून आणून, काथ्याने बांधलेल्या झाडाला तुरा आला होता, लांब, भरगच्च. मी हरखलो. तो फोटो तालुक्याच्या निसर्गप्रेमींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खाली वाडीचं नाव लिहिलं, वर दोन हात जोडलेले. दहा दिवसांत 9 पैकी 6 ठोंब गेले. कोयत्याने सालीसकट काढलेले. कोणी नेले, हे कळलं नाही, आणि मी त्याचा शोधही घेतला नाही. शोध घ्यायचाच तर तो माझ्या फोनपासून सुरू होतो.

आमरीचं सगळं कुळ साइट्स करारात येतं, परदेशी व्यापाराला परवाना लागतो, हे मी दर वर्षी पोरांना शिकवतो. रस्त्यालगतच्या आंब्यावर हात पोहोचतो तिथे तो करार काय करणार? इंग्लंडात लेडीज स्लिपर या आमरीचं यॉर्कशरमध्ये एकच रानटी झाड उरलं, तेव्हा त्याची जागा तिथल्या लोकांनी कित्येक दशकं गुप्त ठेवली आणि फुलाच्या दिवसांत पहारा केला. ही गोष्टही मी वर्गात सांगत आलो होतो. सांगणं आणि अंगवळणी पडणं यात अंतर असतं.

त्यानंतर ठरवलं की जागेचा उल्लेख कुठेही करायचा नाही, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवहीतही नाही. हा निर्णय सगळ्यांना पटलेला नाही. एक सहकारी अजून म्हणतात की लोकांना दाखवलं नाही तर लोक जपतील कसे, आणि पुढच्या रस्त्याच्या वेळी आवाज कोण उठवेल? मला याचं पुरतं उत्तर सापडलेलं नाही. सध्या आम्ही शेडनेटमधली झाडं दाखवतो आणि राईबद्दल गप्प बसतो. शेडनेटचा शेवटी असा उपयोग झाला.

तौक्ते आणि नंतर

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं. एका ऐनाची मोठी फांदी मोडली, तिच्यावर 4 ठोंब होते. पाडेल्याने ते 12 ओंडके दोनच झाडांवर बांधले होते, चढाई वाचवण्यासाठी, आणि ते आम्हालाही सोयीचं होतं. पडलेल्या चारांपैकी तीन पुन्हा बांधले, ते लागले. एक गेला. या वेळी वेगवेगळ्या तीन किंजळांवर बांधले आणि चढाईचे जादा पैसे देताना कोणी कुरकुर केली नाही.

ऐनावरच्या ठोंबांना 2019 च्याच तुऱ्यांवर बोंडं धरली होती, सहकाऱ्यांच्या हट्टामुळे ठेवलेल्या. बोंडं पिकायला कित्येक महिने लागतात. ती केव्हातरी फुटली, रिकामी टरफलं नंतर दिसली. फुलं येणं म्हणजे यश असं मी 2020 मध्ये धरून चाललो होतो. साठवलेल्या ताकदीवर जखमी झाडही फुलतं. नव्या जागेने झाडाला आपलं म्हटलं की नाही, हे कळायला सालीवर नवी रोपं शोधावी लागतात.

आज करायचं झालं तर

पहिली गोष्ट, ग्रामपंचायतीचा फळा वाचणं. आता दर सोमवारी एक विद्यार्थी त्याचा फोटो काढून आणतो. दीड फुटाच्या गटाराने दोन आंबे आणि त्यांच्यावरचे ठोंब जागच्या जागी राहिले असते. आमची सगळी मेहनत त्या तुलनेत दुय्यम होती.

ठोंब खालून मोजायचे नाहीत. झाड उभं असताना पाडेली वर चढवायचा आणि प्रत्येक ठोंब कोणत्या उंचीला, कोणत्या दिशेला, फांदीच्या वर की बगलेत, हे लिहून घ्यायचं. मग नवी जागा त्या नोंदीप्रमाणे निवडायची. आम्ही शिडीची उंची पाहून निवडली.

पैसे कमी असतील तर पाण्याच्या पंपावर कमी आणि करवतीच्या रोजंदारीवर जास्त खर्च करायचे. 48 सोलून आणण्यापेक्षा 25 ओंडक्यासकट आणलेले मला चालतील. हे आज लिहिणं सोपं आहे. आडव्या झाडावर टवटवीत ठोंब दिसत असताना ‘हा राहू दे’ म्हणणं मला तेव्हा जमलं नसतं, आणि पुढच्या वेळी जमेल अशी खात्रीही देत नाही.

काम मेऐवजी जूनच्या तोंडावर ढकलता आलं असतं का, हे मुकादमाला आम्ही विचारलंच नाही. मान्य झालं असतं तर पाण्याची निम्मी दगदग वाचली असती.

सध्याची स्थिती

2024 च्या ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर पाडेली वर्षाच्या फेरीला चढला. ऐन-किंजळांवरचे दहाही ठोंब आहेत, काथ्या कुठेच उरलेला नाही. बुंध्यांवरचे 3, आवारातले 3, शेडनेटमध्ये 7. उतरायच्या आधी त्याने वरून हाक मारली आणि बराच वेळ तिथेच थांबला. खाली आल्यावर मोबाइल पुढे केला. ऐनाच्या भेगाळ सालीत, जुन्या ठोंबापासून हातभर वर, जिथे आम्ही कधी काही बांधलं नव्हतं, तिथे नखाएवढी तीन रोपं. प्रत्येकाला दोन-दोन पानं, खाली एकेक चंदेरी मूळ. पानाचं टोक इतकं लहान आहे की ही सीतेचीच वेणी की त्याच ऐनावरची दुसरी कुठली आमरी, हे ठरायला अजून दोन पावसाळे लागतील.

फोटो त्याने मला ब्लूटूथने दिला. ग्रुपवर टाकलेला नाही.